काळा म्हणून निळा

दिग्रस
८ जून २०२५

प्रिय विहीणबाई विमल,

तुला फोनवर काही सांगायचं म्हणजे आधी तुझ्या सुनेला सांगावं लागतं, मग ती तुझ्या कानात ओरडते, आणि तोवर अख्ख्या महागावला कळलेलं असतं. म्हणून पत्र लिहिते आहे. नीट चष्मा लावून, एकटी बसून वाच.

बातमी अशी की माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय. यवतमाळच्या शिबिरात डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "आजी, इतकी वर्षं तुम्ही काम कसं केलं?" मी म्हटलं, कसं म्हणजे, हातानं. आधी उजवा डोळा करणार आहेत, डावा नंतर सवडीनं. मी वरून हसते, पण आतून घाबरलेय गं. डोळ्याला सुई लावणार हे ऐकूनच मी चपला शोधायला लागले होते.

इकडे आमच्या मन्सूरमियांनी पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैलांची रास घातली आहे. फर्निचरवाल्याकडचे उरलेले सागाचे तुकडे आणायचे, त्यातून बैल, घोडे, शिपाई, घागरवाली काढायची, हे त्यांचं काम. रंगवायचं माझं. आणि तुला म्हणून सांगते, बढाई समजू नकोस, गेल्या तीनेक वर्षांपासून माझ्या हाताला काय झालंय कोण जाणे. आधी पोळा झाला की निम्मे बैल परत माळ्यावर जायचे. आता लोक वर्ध्याहून येतात आणि "सईदाबाईंचाच बैल पाहिजे" म्हणतात. बोरी अरबला अब्बा रंगवायचे तेव्हा त्यांच्या खेळण्यांना जी मागणी होती, तशी आता माझ्याला आहे. अब्बांचा हात शेवटी माझ्यात उतरला म्हणायचा. मी असं म्हटलं की मन्सूरमियां मान खाली घालून रंधा मारत बसतात. त्यांना मेलं कौतुक करणं कधी जमलंच नाही.

परवा नात विचारत होती, तुम्ही दोघी एकमेकींना विहीणबाई काहून म्हणता? मी सांगितलं, लहानपणी आमच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लागलं होतं. बाहुला तिचा, बाहुली माझी. तेव्हापासून ती वरपक्षाचा तोरा मिरवते आणि मी सहन करते. गझाला इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला.

तर, ऑपरेशन वीस तारखेला आहे. दुआ कर.

तुझी,
सईदा

•

महागाव
१४ जून २०२५

प्रिय विहीणबाई,

वरपक्षाकडून आशीर्वाद. तोरा मिरवण्यासारखा बाहुला होता म्हणून मिरवते. तुझ्या बाहुलीची मान तेव्हाही डुगडुगत होती.

तुझं पत्र वाचलं आणि जरा विचारात पडले. ऑपरेशनची एवढी घाई कशाला गं? आता पावसाळा सुरू झाला. या दिवसांत घरोघर डोळे येतात, चिलटं घोंगावतात, त्यात तुमच्या घरात सगळा भुसा आणि रंगाचा वास. माझ्या चुलत नणंदेनं असंच घाईघाईनं करून घेतलं, तिच्या डोळ्याला अजून पाणी येतं. मला विचारशील तर आधी बैल रंगवून घे. सगळे. घोडेसुद्धा. पोळा होऊ दे, दिवाळी होऊ दे, मग थंडीत निवांत काय ते कर. आजवर अडलंय का तुझं काही? शिपायाच्या मिशा तर तू अजून एका फटकाऱ्यात काढतेस. मन्सूरभाऊंना विचारून पाहा, तेही हेच म्हणतील.

आमच्याकडे सोयाबीन पेरून झालं, पऱ्हाटी अर्धी लावून झाली. विठ्ठलरावांचा गुडघा दुखतो, पण बांधावर उभं राहून गड्यांना ओरडायला गुडघा लागत नाही, त्यामुळे त्यांचं बरं चाललंय. नातू नयन या वर्षी पहिल्यांदाच तान्ह्या पोळ्यात बैल ओढत घरोघर जाणार आहे. बोजारा म्हणून कोण काय देईल याचा हिशोब त्यानं आतापासून मांडलाय. बैल मात्र दिग्रसच्या आजीचाच पाहिजे म्हणतो.

म्हणून म्हणते, आधी बैल.

तुझी,
विमल

•

दिग्रस
३० जून २०२५

विमल,

आज विहीणबाई लिहिणार नाही.

निळा! माझे बैल निळे आहेत!

ऑपरेशन छान झालं, दुखलं नाही, ते सगळं राहू दे. पट्टी काढून घरी आणलं, काळा चष्मा दिला. दोन दिवस मी शहाण्यासारखी पडून राहिले. तिसऱ्या दिवशी मन्सूरमियां नमाजला गेले तेव्हा चष्मा काढून फळीवर नजर टाकली. गेल्या वर्षीचे उरलेले काही नग तिथे मांडलेत. विमल, काळे बैल म्हणून मी ज्यांना रंग दिला ते मोरपिसासारखे निळेशार उभे होते. तपकिरी घोडे? जांभळे. वांग्यासारखे. आणि शिपायाला निळी मिशी! सरकारी शिपाई, खाकी कपडे, छातीवर बिल्ला, आणि ओठावर निळी मिशी!

मला वाटलं नवा डोळाच बिघडला. म्हणून एक-एक डोळा झाकून पाहिला. उजवा झाकला की घोडा तपकिरी, डावा झाकला की जांभळा. एकाच घोड्याचे दोन रंग! तितक्यात मन्सूरमियां परत आले आणि कानस घेऊन कामाला बसले.

मी विचारलं, "ये किसने रंगाए?"

ते म्हणाले, "तूनेच."

"कब से?"

"तीन साल हो गए."

आणि गेले कानस शोधायला. कानस त्यांच्या हातातच होती.

आता मला सगळं उमगलंय. डब्यांवरची नावं मी कधी वाचली नाहीत, मी झाकण उघडून रंग बघायची. मला काळा दिसला तो निळा होता. पण तू, विमल? मागच्या दिवाळीत तू इथे माझ्या ओसरीवर बसून चिवडा खाल्लास. बैल हातात घेऊन तू म्हणालीस, "काय शोभतो गं!" आणि मी ऑपरेशनचं कळवलं तेव्हा तुला चिलटं आठवली, नणंद आठवली! बैल आधी रंगवून घे म्हणे. म्हणजे आणखी रासभर निळे करून मगच मला कळावं, असंच ना?

मला एका गोष्टीनं खाऊन टाकलंय. लोक तीन वर्षं हे का घेत होते? आंधळ्या म्हातारीची कीव करून? की गंमत म्हणून, चारचौघांत दाखवून हसायला? अब्बांचा काळा म्हणजे तव्याच्या बुडासारखा असायचा. त्यांच्या नावानं मी काय विकत बसले होते?

महागावात माझी जितकी खेळणी असतील तितकी गोळा कर आणि पाठवून दे. मी ती खरवडून धड रंगवून परत करीन. आणि त्यानंतर ब्रशला हात लावणार नाही.

सईदा

•

महागाव
६ जुलै २०२५

सईदा,

तू विहीणबाई लिहिलं नाहीस तर मीही लिहीत नाही. मानपान आम्हालाही कळतो.

पहिली गोष्ट, मी "शोभतो" म्हणाले, आणि तो शोभतच होता. "काळाभोर" तू म्हणालीस. मी त्यावर चिवडा खाल्ला. तोंडात चिवडा असताना माणूस कसं बोलणार? दुसरी गोष्ट, तीन वर्षांपूर्वी पहिला निळा बैल पाहिला तेव्हा मला वाटलं तू मुद्दाम केलंस. काहीतरी नवीन काढलंय म्हणून कौतुकानं बघत बसले. तू जेव्हा त्याला काळा म्हणालीस, तेव्हा मन्सूरभाऊंनी तुझ्या पाठीमागून माझ्याकडे असे हात जोडले, की मी विषयच बदलला. मग पुढे सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. राग मानायचा तर दोघांचा मान, निम्मा निम्मा.

तुझं फर्मान होतं म्हणून मी खेळणी गोळा करायला निघाले. पिशवी घेऊन, ऐन दुपारी. आधी आमच्या शेजारच्या सोनूकडे गेले. सात वर्षांची पोरगी. मी म्हटलं, तुझा बैल दे, दिग्रसची आजी त्याला छान काळा करून देणार आहे. तिनं बैल पाठीमागे लपवला.

"काळा कायले पाह्यजे? काळा तं आमच्या गोठ्यातच हाय."

मी म्हटलं, अगं बैल असाच असतो.

"थो खरा हाय म्हणून काळा हाय. हा लाकडाचा हाय, हा कसाबी राहू शकते."

आता या पोरीशी काय वाद घालशील? पुढे किराणावाल्या उकंडाच्या घरी गेले, तिथल्या नातवानं बैल खाटेखाली ढकलला आणि स्वतःही मागोमाग गेला. शेवटी पिशवीत काय आलं तर एक शिपाई, आणि तोही माझाच, आमच्या टीव्हीवरचा. विठ्ठलरावांनी तोसुद्धा काढून घेतला. म्हणाले, "याची मिशी पाह्यली की सकाळी बरं वाटते. ठेव तिथं."

कुणी हसत नाही, कुणी कीव करत नाही. पोरांना ते आवडतात. एवढं साधं आहे.

आणि हो, गेल्या आठवड्यात सुनेनं माझ्यासाठी जांभळी म्हणून साडी आणली, ती चक्क तपकिरी निघाली. दुकानदार हल्ली असे फसवतात. तुझा तर नाइलाज होता.

विमल

•

दिग्रस
१३ जुलै २०२५

विमल,

तुझं पत्र वाचून हसू आलं. मग हसू आलं याचा राग आला.

सोनू असं म्हणाली असेलही. पण मी ते कसं खरं मानू, तूच सांग? तीन वर्षं तू माझ्या तोंडावर गोड बोललीस. आताही गोडच बोलते आहेस. लहान मुलाला औषध पाजताना आपण कसं बोलतो, तसा वास येतोय मला तुझ्या पत्राला. माझ्या कामाबद्दल खरं सांगेल असं जगात मला एकच माणूस वाटत होतं. मन्सूरमियां नवरा आहेत, त्यांना घरात राहायचंय. गिऱ्हाईक गिऱ्हाईक असतं. तू होतीस. आता मी कुणाला विचारू?

नव्या डोळ्याची आणखी करामत सांगते. घरात इतकी जाळी लोंबत होती हे मला ठाऊकच नव्हतं. मन्सूरमियांची दाढी पूर्ण पांढरी झालीय, मला ती करडी दिसायची. त्यांचे कुर्ते मी स्वच्छ धुते असं मला वाटत होतं, ते सगळे मांजरपाटाच्या पोत्यासारखे निघाले. आरशात तर मी दोन मिनिटांच्या वर उभीच राहिले नाही. गझाला म्हणाली, "दादी, डोळा बनवला का पोलीस?" सध्या मी मन्सूरमियांशी कामापुरतंच बोलते. जेवायला वाढते, बाकी काही नाही.

आता ऐक. या वर्षीच्या राशीतले बारा बैल मी रंगवलेत. अब्बांसारखे. काळे म्हणजे काळे, शिंगं लाल, झूल पिवळी. एसटीच्या पार्सलनं पाठवतेय. महागावातल्या पोरांना सांग, जुना निळा द्या आणि हा नवा घ्या. पोरांनी बदलून घेतले तर माझं मला कळेल. नाही घेतले तर... तरी कसं कळणार, सांगणारी तूच! बघ, कुठे आणून ठेवलंस मला.

बाकीचे बैल तसेच कोरे उभे आहेत. ते काळे होणार की तसेच राहणार, ते या बारांवर आहे.

सईदा

•

महागाव
२७ जुलै २०२५

प्रिय सईदा,

तुझं म्हणणं बरोबर आहे, ज्या तोंडानं नुसतं गोड सांगितलं त्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार? मी चार दिवस विचार केला आणि एक ठरवलं. आधी तुझ्या कामातलं वाईट तेवढं सगळं सांगून टाकते. इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. त्यातून उरलंच काही नातं, तर मग चांगलं सांगीन.

तुझ्या बैलांच्या झुलीवर तू जी फुलं काढतेस, ती फुलं नाहीत. ती भजी आहेत. डोळ्यांचा काही संबंध नाही, तू पंचविशीत होतीस तेव्हापासून भजीच काढतेस. तुझी घागरवाली एका डोळ्यानं घागरीकडे आणि दुसऱ्यानं पुसदकडे बघते. घोड्यांच्या शेपट्या तू इतक्या जाड रंगवतेस की पोरं विचारतात, याला दोन मागचे पाय आणि तिसरा कोणता? चाकांना रंग देताना आत ओघळतो, चाक फिरत नाही, मला गोडं तेल घालावं लागतं. आणि कामाचा विषय निघालाच आहे तर, ईदेच्या तुझ्या शीरखुर्म्यात साखर फार असते. विठ्ठलराव तो घरी आणून त्यात दूध घालून पितात. माझ्या अक्षयच्या लग्नात तू जे गाणं म्हटलंस, ते कुणीतरी मध्येच थांबवायला हवं होतं, पण कुणाची हिंमत झाली नाही.

हुश्श. लिहिताना घाम आला.

आता अदलाबदलीचं ऐक. मी ओट्यावर बाराही बैल मांडून बसले. पोरं आली. हातात घेतले, चाकं फिरवली, परत ठेवले. एकट्या उकंडाच्या नातवानं बदलून घेतला, तोही आईनं चिमटा काढला म्हणून. संध्याकाळी उकंडा स्वतः काळा बैल घेऊन दारात आला.

"काकू, थो निळाच वापस द्या. पोट्टं जेवूनच नाई राह्यलं."

दिला परत. दुसऱ्या दिवशी तांड्यावरचा पूनमसिंग पोरीसाठी बैल घ्यायला आला. मी काळे दाखवले. तो म्हणाला, "हे नाई चालत जी. पोरीनं निळा सांगतला हाय. दुसरा नेला तं मलेच घरात घेणार नाई."

माझं स्वतःचं मत विचारशील, तर आता खरंच बोलायचं ठरवलंय म्हणून सांगते. तुझा काळा आणि तुझा निळा ओट्यावर शेजारी ठेवले, तर मला काही एवढा मोठा फरक वाटला नाही. पोरं मात्र रस्त्याच्या पलीकडून ओळखतात. त्यांचं त्यांना माहीत.

बारा बैल पाठवले होतेस, बारा परत येत आहेत. आता माझं पत्र फाड, नाहीतर ठेव.

विमल

•

दिग्रस
५ ऑगस्ट २०२५

प्रिय विहीणबाई,

हो, विहीणबाईच. भजी वाचल्याबरोबर मी उठले, माळ्यावरचा जुना, माझ्या लग्नाच्या वर्षी रंगवलेला बैल काढला आणि उजेडात नेऊन त्याच्या झुलीकडे बघितलं. विमल, खरंच भजी आहेत. कांद्याची. एका भज्याला तर शेंडा पण निघालाय!

मी जी हसत सुटले ती थांबेना. मन्सूरमियां धावत आले, त्यांना वाटलं डोळ्यात काही गेलं. मी बैल पुढे केला आणि विचारलं, "सच बोलना, ये क्या है?" त्यांनी नीट पाहिलं, दाढी खाजवली आणि म्हणाले, "पकोडे." मी विचारलं, "इतने साल से?" ते म्हणाले, "पहले दिन से. मैंने सोचा तुझे पसंद है."

मग बसले माझ्याजवळ. पहिल्या वर्षी निळे झाले तेव्हा ते सांगणारच होते. आधी बाजारात नेऊन बघू म्हणून गेले. लोक हसतील, बैल परत येतील, मग हळूच सांगू, असा त्यांचा बेत होता. पण टोपली रिकामी झाली. घरी आले तर मी दारातच विचारलं, काळा कसा खुललाय? मला म्हणाले, "मैं बोलता तो तू उसी दिन ब्रश रख देती. फिर मैं अकेला बैल बना के क्या करता?" एवढं बोलून त्यांनी रुमालानं नाक पुसलं आणि भुशाला दोष दिला. चाळीस वर्षांत या माणसानं मला सांगितलेली ही सगळ्यात गोड गोष्ट आहे, आणि ती सांगायला त्याला पकोडे लागले.

तुझं पत्र मी फाडलं नाही. त्यातला शेपटीचा, चाकांचा, घागरवालीचा एकेक शब्द खरा आहे, मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन ताडून बघितली. (गाण्याचं मान्य नाही. ते माइकमुळे झालं.) आणि जी बाई माझ्या फुलांना भजी म्हणते, ती पोरांबद्दल खोटं बोलणार नाही. लोक हसत नव्हते. एवढंच मला हवं होतं. कालपासून मला झोप लागते आहे.

या पत्रासोबत नयनसाठी एक बैल पाठवतेय. त्याच्याबद्दल मी मुद्दाम काही लिहीत नाही. तू बघ आणि खरं काय ते कळव. तुझं उत्तर आलं की बाकीच्या राशीला हात घालते.

तुझी,
सईदा

•

महागाव
११ ऑगस्ट २०२५

प्रिय विहीणबाई,

बैल मिळाला. नयन आजोळी पुसदला गेलाय, सूनही तिकडेच आहे, पोळ्याला येतील. त्यामुळे पार्सल मी एकटीनंच उघडलं आणि बैल धान्याच्या कोठीमागे लपवून ठेवला.

खरं सांगायचं ठरलंय, तर सांगते. फुलं आता फुलांसारखी दिसतात. चाक तेल न घालता फिरतं. शिंगांची कमान अशी की मन्सूरभाऊंच्या हाताचा मुका घ्यावा, त्यांना तसं सांगू नकोस.

पण सईदा, तुझा मला इतका राग आलाय! एवढी उन्हातान्हात फिरले, पोरांचं सगळं शब्दान् शब्द कळवलं, उकंडाचं पोरगं जेवलं नाही ते कळवलं, आणि शेवटी तू पुन्हा काळाच रंगवलास? तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट! माझं ऐकून घेतलंस, छान छान पत्र लिहिलंस आणि केलंस तेच. अब्बांना तू मानतेस, मीही मानते, पण बैल अब्बांसाठी नाही, नयनसाठी आहे. त्याचं तोंड पडणार आहे आणि ते मला बघावं लागणार आहे.

अजून वेळ आहे. एक धड निळा पाठव. मी वाट बघते.

विमल

•

दिग्रस
१६ ऑगस्ट २०२५

प्रिय विहीणबाई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग मन्सूरमियांना वाचून दाखवलं. मग गझालाला. गझालाला आधी हसू फुटलं, मग आम्हा दोघांना.

विमल, तो बैल निळा आहे.

निळा म्हणजे असा निळा की पोस्टमननं पण मान वळवून पाहिला. तो रंगवताना माझी काय तारांबळ उडाली तुला सांगते. नव्या डोळ्यानं निळा डबा समोर दिसत होता, पण हात पुढे जाईना. अब्बा मागे उभे आहेत असं वाटायचं. तीन लाकडं बिघडवली. शेवटी ओढणीनं नवा डोळा घट्ट बांधला, जुना उघडा ठेवला, आणि तीन वर्षं जसा रंगवला तसा, मस्त काळा समजून रंगवला. ओढणी सोडली तर काय देखणा झालाय! इतका चांगला निळा माझ्याकडून आजवर झाला नव्हता.

आणि तू त्याला काळाकुट्ट म्हणतेस! अगं, तीन वर्षांपूर्वी पहिला बैल बघितलास तेव्हा तुझी नजर धड होती. त्यानंतर तू नुसती पाठांतरावर निळा-निळा म्हणते आहेस. घाबरू नकोस. मीही घाबरले होते, काही दुखत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैल नयनच्या हातात दे आणि तो काय ओरडतो ते ऐक, ऐकू नाही आलं तर सुनेला कानात सांगायला लाव. यवतमाळच्या शिबिरात मी तुझं नाव देऊन ठेवलंय, पुढच्या महिन्याचं. मी सोबत येणार आहे. तुला आत नेतील तेव्हा मी बाहेर बाकावर बसून राहीन, आणि तू बाहेर आलीस की सगळ्यात आधी माझं तोंड बघशील. सुरकुत्या आहेत, आधीच सांगून ठेवते. खरं बोलायचं ठरलंय म्हणून त्यावरही लगेच काही बोलू नकोस.

पण त्याआधी, पोळा झाला की तडक दिग्रसला ये. आठवडाभर तरी राहा. बैल मी एकटीनं उरकते आहे, पण दसऱ्याच्या बाजारासाठी पन्नास घोडे कोरे उभे आहेत आणि लोकांना ते जांभळेच हवेत. ओढणी बांधून माझं डोकं दुखतं. माझ्याकडे आता जुना डोळा एकच उरलाय. तुझ्याकडे दोन आहेत.

येताना चष्मा आणू नकोस.

तुझी विहीण,
सईदा